कुंभारणीची धाकटी बहीण



जुन्या घराच्या तुळईला, दाराच्या चौकटीला किंवा देवघराच्या कोनाड्यात मातीचे एखादे लहानसे मडके चिकटलेले आपण सर्वांनीच पाहिले आहे. हे घर कुंभारीण माशीचे. बारीक कमरेची ही गांधीलमाशीची जात चिखलाच्या गोळ्या तोंडाने आणून घर लिंपते आणि मग त्यात हिरव्या अळ्या आणून भरते. तिच्याच काही बहिणी अळ्यांऐवजी कोळी भरतात. पोरे काडीने ते घर फोडतात, तेव्हा आतल्या अळ्या मेलेल्या नसतात आणि धड जिवंतही नसतात. नुसत्या गुंगीत पडलेल्या असतात.

कीर्तनात या माशीचा दाखला नेहमी येतो. भृंगी अळीला कोंडून घालते, अळी भीतीने रात्रंदिवस तिचाच ध्यास घेते आणि शेवटी स्वतःच भृंगी होऊन बाहेर पडते. भक्ताने देवाचा ध्यास तसा घ्यावा, हा त्यातला बोध. बोध खराच आहे, त्याला कोणी हात लावू नये. परंतु अळी आत जाते आणि माशी बाहेर येते, या मधल्या दिवसांत घरात काय घडते ते शेतकऱ्याने जाणून घेण्यासारखे आहे. माशी नांगी मारून अळीला बधिर करते, घरात आपले एक अंडे घालते आणि तोंड लिंपून निघून जाते. अंड्यातून निघालेले पिल्लू ती ताजी शिदोरी खाऊन वाढते, कोषात जाते आणि माशी होऊन भिंत फोडून बाहेर येते. अळीची माशी होत नाही. माशीच्या लेकराने अळी खाल्लेली असते.

आज ज्या कीटकाविषयी लिहायचे आहे तो या कुंभारणीच्या गोतातलाच, पण आकाराने फारच धाकटा. त्याचे नाव ट्रायकोग्रामा. ही माशी एक मिलिमीटरही भरत नाही, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. पांढऱ्या कागदावर झटकली तर धुळीचा कण चालू लागल्यासारखी दिसते. माणसाला चावणे, डसणे तिच्या गावीही नाही. ती घर बांधत नाही, तयार घर शोधते. ते घर म्हणजे पतंगाचे अंडे. पतंगाने पानावर अंडी घातली की ही माशी त्यांवर चढते, मिशांनी चाचपते आणि प्रत्येक अंड्यात आपले अंडे टोचून ठेवते. तिचे पिल्लू आतला रस खाते. तीन-चार दिवसांत ते अंडे काळे पडते आणि आठ-दहा दिवसांत त्यातून अळीऐवजी नवी माशी बाहेर येते. गोचीड जनावराचे रक्त पिते, पण सहसा त्याला जिवानिशी मारत नाही. ही मात्र ज्याच्या घरात राहते त्याला संपवूनच बाहेर पडते. अशा कीटकांना शास्त्रात परोपजीवी मित्रकीटक म्हणतात.

उसाच्या शेतात हिचा उपयोग कसा होतो ते पाहू. सुरू उसाची उगवण झाली, फुटवे धरू लागले, ऊन तापू लागले, की मधलाच एखादा पोंगा वाळलेला दिसतो. तो ओढला तर सहज हातात येतो आणि त्याला कुजका वास येतो. हे काम खोडकिडीचे. पाठीवर पाच जांभळ्या रेषा असलेली मळकट पांढरी अळी जमिनीलगत कोंबात शिरते आणि आतला गाभा खाते. एकदा ती आत शिरली की वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचणे कठीण. आपण वाळलेला पोंगा पाहतो तेव्हा गुन्हा घडून गेलेला असतो.

त्याआधीच्या दिवसांत मात्र ही कीड अगदी उघड्यावर असते. खोडकिडीचा पतंग रात्री पानाच्या खालच्या बाजूस अंडी घालतो. चपटी, पांढुरकी, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक रचलेली. ती फुटायला चार ते सहा दिवस लागतात. फवारणाऱ्याला ही अंडी दिसत नाहीत, पण ट्रायकोग्रामाला ती बरोबर सापडतात. अळी जन्माला येण्याआधीच तिचा निकाल लागतो. पोंगा मरायचा राहतो, हाच या उपायाचा सगळा नफा.

आता ही माशी आणायची कोठून? शेतात ती निसर्गतः थोडीफार असतेच, पण किडीच्या मानाने संख्येने अपुरी पडते. म्हणून ती प्रयोगशाळेत वाढवून शेतात सोडतात. त्यासाठी जो कीटक वापरतात तो आपल्या मायबहिणींच्या चांगल्या ओळखीचा आहे. तांदळात, रव्यात, ज्वारीच्या भरड्यात जाळी धरते ना, त्या जाळीतल्या अळीचा तो पतंग. ज्वारीच्या किंवा बाजरीच्या भरड्यावर हे पतंग मुद्दाम वाढवतात, त्यांची अंडी गोळा करतात, ती फुटू नयेत म्हणून विशिष्ट दिव्याच्या प्रकाशात धरतात आणि मग पुठ्ठ्याच्या कार्डावर डिंकाने चिकटवून ट्रायकोग्रामाच्या पुढे ठेवतात. ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात फ्लँडर्स नावाच्या शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकाच्या अखेरीस धान्यातल्या पतंगाच्या अंड्यांवर ट्रायकोग्रामा मोठ्या प्रमाणावर वाढवून दाखवली. कणगीतल्या शत्रूच्या जिवावर शेतातला मित्र पोसायचा, असा हा हिशेब.

अंडी चिकटवलेल्या या कार्डाला ट्रायकोकार्ड म्हणतात. एका कार्डावर साधारण २० हजार अंडी असतात. उसाच्या खोडकिडीसाठी सर्वसाधारण शिफारस एका वेळी हेक्टरी ५० हजारांची आहे, म्हणजे एकरी एक कार्ड. लागवडीनंतर महिना-दीड महिन्याने सुरुवात करून दर दहा दिवसांनी चार ते सहा वेळा ती लावायची असतात. कृषी विज्ञान केंद्रे, कृषी विद्यापीठांच्या प्रयोगशाळा आणि काही साखर कारखान्यांकडे चौकशी केली तर ती मिळतात.

येथवर सगळे सोपे वाटते. परंतु गावोगाव एक तक्रार ऐकू येते: “कार्डे लावली हो, पण गुण आला नाही.” या तक्रारीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, कारण एकदा असा अनुभव आला की ते घर पुन्हा फवारणीच्या पंपाकडे वळते. पुष्कळदा दोष माशीचा नसतो. आपण कार्डाला औषधाची पुडी समजतो, तेथे गल्लत होते. पुडी कपाटात महिनाभर पडली तरी चालते. कार्डावर जीव आहे. त्याला बियाण्यासारखे वागवले पाहिजे. बियाणे कितीही चांगले असले तरी वाफसा साधला नाही तर ते उगवत नाही, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. तेच शहाणपण येथे वापरायचे आहे.

पहिली गोष्ट वेळेची. कार्ड अंड्यांवर चालते, अळीवर नाही. पोंगे वाळलेले दिसले म्हणून धावत जाऊन कार्डे आणली, तर त्या अळ्यांना काहीच होणार नाही. म्हणून महिन्याचा ऊस झाला की आठवड्यातून दोनदा पानांची खालची बाजू पाहावी. पांढरी खवल्यांसारखी अंडी दिसू लागली, किंवा शेजारच्या शेतात पतंग उडताना दिसले, की कार्ड लावण्याची वेळ आली. एकदाच लावून थांबू नये. माशीचे आयुष्य जेमतेम काही दिवसांचे, आणि पतंग मात्र आठवडेच्या आठवडे येत राहतात. पहिल्या माशा संपतात तेव्हा दुसऱ्या हजर असाव्या लागतात. दर दहा दिवसांनी म्हणतात ते याचसाठी.

दुसरी गोष्ट कार्ड आणण्याची. त्यावर माशा बाहेर पडण्याची तारीख लिहिलेली असते, ती पाहूनच कार्ड घ्यावे. काळी पडलेली अंडी भरीव दिसली पाहिजेत. भिंगातून पाहिल्यावर अंड्यांना बारीक गोल भोके दिसली तर माशा उडून गेल्या आहेत आणि आपण रिकामी घरे विकत घेतली, असे समजावे. कार्ड गाडीच्या डिकीत, खताच्या पोत्यावर किंवा उन्हात ठेवू नये. कीटकनाशकाच्या बाटलीबरोबर एका पिशवीतून तर मुळीच आणू नये. एक-दोन दिवस थांबायचेच असेल तर फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात ठेवल्यास सगळे मरेल.

तिसरी गोष्ट लावण्याची. कार्डाच्या साधारण वीस पट्ट्या होतात. त्या कापून एकरभर सारख्या पसरायच्या, म्हणजे सुमारे वीस-वीस पावलांवर एक पट्टी येते. ही माशी लांब उडणारी नाही. ती थोडे उडते, बरेचसे चालते. सगळे कार्ड बांधावरच्या एकाच उसाला बांधले तर शेताच्या पलीकडच्या टोकाला तिचा काही उपयोग नाही. पट्टी पानाच्या खालच्या बाजूस, सावलीत, दोऱ्याने किंवा पिनेने अडकवावी. उन्हाळ्यात काम सायंकाळी करावे. भर दुपारच्या झळा त्या कणाएवढ्या जिवाला सोसत नाहीत. पाणी दिल्यानंतर शेतात गारवा असतो तो दिवस अधिक बरा. मुंग्यांकडे लक्ष ठेवावे, कारण कार्डावरची अंडी त्यांना मेजवानीसारखी असतात. म्हणून माशा बाहेर पडण्याच्या अगदी आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी पट्ट्या लावाव्यात.

आणि एक पट्टी घरी ठेवावी. काचेच्या स्वच्छ बाटलीत ती टाकून तोंडाला घट्ट विणीचे फडके बांधावे आणि बाटली सावलीत, मुलांना दिसेल अशा जागी ठेवावी. एक-दोन दिवसांत काचेवर उजेडाच्या बाजूस बारीक कण चालताना दिसले, तर कार्ड खरे आहे आणि शेतातही हेच चालले आहे असे समजा. काहीच निघाले नाही, तर ज्याने कार्ड दिले त्याला ती बाटली नेऊन दाखवा. फसवणूक ओळखण्याचा याहून स्वस्त उपाय नाही, आणि घरातल्या शाळकरी मुलांना जो धडा मिळेल तो वेगळाच.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तीच पाळणे सर्वांत जड जाते. कार्ड लावण्याच्या आधी आठवडाभर आणि नंतर आठ-दहा दिवस त्या शेतात विषारी फवारणी करायची नाही. अळीला मारणारे विष या माशीला कित्येक पटींनी लवकर मारते. अळी खोडात लपते, माशी पानावर उघडी फिरते. सोमवारी कार्ड लावून गुरुवारी फवारा मारणे म्हणजे सकाळी पेरून दुपारी कुळव घालण्यासारखे आहे. वाळलेले दहा पोंगे दिसले की घरातल्या कर्त्याचा जीव खालीवर होतो, हे खरे. दुकानदारही दोन बाटल्या पुढे करतो. अशा वेळी एवढे आठवावे की कोवळ्या वयात उसाला फुटवे काढण्याची ताकद असते आणि थोडी तूट तो भरून काढतो. वाळलेले पोंगे जमिनीलगत कापून अळीसह नष्ट करावेत, बाळबांधणी वेळेवर करावी, सरीत पाचटाचे आच्छादन करावे. या जुन्याच कामांनी खोडकिडीचा जोर कमी होतो आणि माशीला हातभार लागतो.

फवारणी टाळण्याचा लाभ केवळ उसाला नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो लोक दवाखान्यात पडले, ही गोष्ट महाराष्ट्र विसरलेला नाही. पंप पाठीवर असतो घरधन्याच्या किंवा मजुराच्या, ते कपडे धुते घरची बाई, आणि रिकाम्या डब्यात पाणी भरते एखादे पोर. एक फवारणी वाचली तर ती या सर्वांच्या अंगावरून टळते. हा नफा कोणत्याही पावतीवर लिहिलेला नसतो.

एवढ्याशा जिवावर भरवसा ठेवावा का, असे कोणी विचारील. त्याला दोन उदाहरणे देता येतील. २००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला आणि बघता बघता तो पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पसरला. पाने पांढऱ्या लोकरीने भरली, चिकट्याने काळी पडली. पुरुषभर उंचीच्या उसात शिरून फवारणार तरी किती? शेवटी हा मावा आटोक्यात आला त्यात मोठा वाटा मित्रकीटकांचा होता. डिफा नावाच्या पतंगाची अळी आणि मायक्रोमस हा कीटक मावा खाऊ लागले. लोकांनी त्यांनी भरलेली पाने एका शेतातून दुसऱ्या शेतात नेऊन ठेवली. त्यांच्या जोडीला एन्कार्सिया नावाची बारीक परोपजीवी माशीही होती. ती ईशान्य भारतातून आणून सोडण्यात आली.

दुसरे उदाहरण पपईचे. २००८ मध्ये कोइमतूर भागात पपईवर परदेशातून आलेला एक पिठ्या ढेकूण आढळला आणि पुढे तो आपल्या पुणे भागातील बागांतही पोहोचला. पपई, तुती, कितीतरी झाडे पिठाने माखल्यासारखी झाली. त्याच्यावर फवारे मारून फारसे साधेना, कारण पाहुणा येथे आला होता आणि त्याचा वैरी मायदेशीच राहिला होता. तेव्हा २०१० मध्ये बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने पोर्तो रिकोहून तीन जातींच्या परोपजीवी माश्या आणवल्या. त्यांपैकी ॲसेरोफॅगस या माशीने असे काही बस्तान बसवले की पुढच्या एक-दोन वर्षांत तो पिठ्या ढेकूण बहुतेक ठिकाणी नाममात्र उरला. ही माशी एकदा रुजली की पुन्हा पुन्हा विकत आणावी लागत नाही. ट्रायकोग्रामाचे तसे नाही. ती दर हंगामात सोडावी लागते. दोन्हींतला हा फरक ध्यानात ठेवावा.

आता मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हुमणीवर या कार्डाचा उपयोग नाही, ती जमिनीत असते. माव्यावर नाही, पांढऱ्या माशीवर नाही, कारण ही माशी पतंगवर्गीय किडींच्या अंड्यांवरच जगते. खोडात शिरलेल्या अळीवर तर नाहीच. शिवाय कीड पुरती नाहीशी होईल अशी आशा धरू नये. ती नुकसानीच्या पातळीखाली राहिली की काम झाले. थोडी कीड शेतात उरणे चांगलेच, नाहीतर माशीने जगायचे कशावर?

जातीचीही चौकशी करावी. उसाच्या खोडकिडीसाठी आणि कांडीकिडीसाठी चिलोनिस ही जात, उसाच्या शेंडेकिडीसाठी आणि भातावरील खोडकिडीसाठी जापोनिकम. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी बॅक्ट्री ही जात शिफारशीत आहे आणि तेथे मात्राही मोठी, एका वेळी हेक्टरी दीड लाख अंड्यांची. “ट्रायकोकार्ड द्या” एवढेच न म्हणता पीक कोणते, कीड कोणती, पीक किती दिवसांचे, हे सांगून कार्ड मागावे.

या माशीचा थोडा पाहुणचारही करावा. तिची पिल्ले अंड्यात वाढतात, पण मोठी माशी फुलांतला मध चाखते आणि मध मिळाला तर अधिक दिवस जगते. बांधाच्या कडेने कोथिंबीर, बडीशेप, मोहरी फुलावर येऊ द्यावी. सुरू उसात कोथिंबिरीचे आंतरपीक घेतले तर चार ओळी बाजारात न नेता फुलू द्याव्यात. ऊस तुटल्यावर पाचट जाळू नये. त्या आगीत किडीबरोबर आपले मजूरही जळतात.

शेवटची गोष्ट शेजाऱ्यांची. पतंगाला बांध कळत नाही आणि माशीलाही नाही. आपण कार्डे लावली आणि वाऱ्याच्या बाजूच्या शेजाऱ्याने त्याच आठवड्यात फवारा उडवला, तर आपली मेहनत वाया जाते. म्हणून हे काम एकट्याने करण्यापेक्षा एका पाटावरच्या आठ-दहा घरांनी मिळून करावे. कार्डांची मागणी एकत्र नोंदवावी, एकाच दिवशी आणावी, एकाच सायंकाळी लावावी. पट्ट्या कापणे आणि अडकवणे हलक्या हाताचे काम आहे. घरच्या बायका, शाळेतून आलेली मुले मिळून ते तासाभरात उरकते. चार-पाच दिवसांनी त्याच मुलांना पानांखाली पाहायला पाठवावे. पांढरी अंडी काळी पडलेली दिसली की त्यांनी हाक मारून सांगावे.

यंदाच्या सुरू उसाची लागवड झाली असेल त्यांनी लागवडीची तारीख आजच दिनदर्शिकेवर लिहावी, त्यात तीस दिवस मिळवून खूण करावी आणि त्या खुणेच्या आठवडाभर आधी कार्डांची मागणी नोंदवावी. पोंगा वाळेपर्यंत थांबू नये.